तालुक्याच्या कॉलेजातून संशोधनाकडे : बीएस्सी केमिस्ट्रीच्या मुलामुलींसाठी

दरवर्षी एफवायचा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात मी एक प्रश्न विचारतो. घरात कॉलेजची पायरी चढणारे तुम्हीच पहिले, असे किती जण? निम्म्याहून अधिक हात वर जातात. मग दुसरा प्रश्न: पुढे संशोधन करायचं कुणाच्या मनात आहे? एखादाच हात, तोही खांद्यापर्यंत येऊन थांबलेला.

तांड्यावरून, पाड्यावरून, वस्तीवरून एसटीनं तालुक्याला येणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या, घरात 'प्रोजेक्ट म्हणजे काय' हे सांगणारं कुणी नसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी त्यांच्यातलाच. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करता येतं, आणि त्याचं मानधनही मिळतं, हे मला बीएस्सी संपल्यावर कळलं. तोवर अर्ज करायचं वय निघून गेलं होतं. तुमचं निघून जाऊ नये.

आधी प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट यांतला फरक

प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. सरांच्या कपाटात ते लिहिलेलं असतं आणि आपण तिथवर पोचतो की नाही एवढंच तपासलं जातं. प्रोजेक्टमध्ये उत्तर कुणाकडेच नसतं, सरांकडेही नाही. म्हणून त्यात चुकायला जागा असते, वेळ लागतो, आणि पहिला महिना काहीच हाती लागत नाही. पहिला महिना रिकामा गेला म्हणून सोडून देणारी मुलं मी फार पाहिली. तो महिना सगळ्यांचाच तसा जातो.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीच्या अभ्यासक्रमातच फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आहेत. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. अनेक जण फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांवर उरकतात. माझी कळकळीची विनंती आहे, ते तास वाया घालवू नका. वेळापत्रकात तुमच्या नावानं राखून ठेवलेला संशोधनाचा वेळ या धोरणाआधी आमच्यापैकी कुणाला मिळालेला नव्हता.

प्रश्न आपल्या गावातून उचला

'नॅनोपार्टिकल्स' हा शब्द शीर्षकात असला की प्रोजेक्ट मोठा वाटतो. पण नॅनोपार्टिकल झाले आहेत की नाहीत हे दाखवायला लागणारं यंत्र कॉलेजात नसेल, तर हातात फक्त रंग बदललेलं पाणी उरतं. त्यापेक्षा आपल्याकडे ब्युरेट, पिपेट, पीएच मीटर, कलरिमीटर आहे हे धरून प्रश्न शोधा. त्यात भरपूर काही होतं.

यवतमाळ, चंद्रपूर या भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि दातांवर डाग असलेली मुलं तिथं गावोगाव दिसतात. तुमच्या गावातल्या कोणत्या हातपंपाला जास्त, कोणत्या विहिरीला कमी, पावसाळ्यानंतर काय फरक पडतो, हा पूर्ण वर्षाचा प्रोजेक्ट आहे. ऊस लागणाऱ्या पट्ट्यात असाल तर चिपाडाची भुकटी पाण्यातला रंग किती शोषते ते मिथिलीन ब्लू हा रंग आणि कलरिमीटर (रंगाचा गडदपणा मोजणारं यंत्र) घेऊन मोजता येतं. कोकणात असाल तर आमसुलाचा लाल रंग वेगवेगळ्या पीएचला, उन्हात आणि अंधारात किती दिवस टिकतो ते पाहा. वाळवलेल्या आवळ्यात क जीवनसत्त्व किती उरतं हे आयोडीनच्या टायट्रेशननं कळतं, आणि सावलीत वाळवलेला नि उन्हात वाळवलेला यांची तुलना केली की प्रश्नाला धारही येते.

कमला सोहोनींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पदवी घेऊन १९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा, मुलगी आहे म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत, म्हणून एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेतलं. पुढे १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएचडी मिळाली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं: परत आल्यावर त्यांनी नीरेवर काम केलं. माडाताडाच्या झाडाखाली बसून लोक जे पितात, त्यातून कुपोषित मुलांना काय मिळतं हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे, आणि त्या वाक्यात काय मोजणार, कुठे मोजणार, कशाशी तुलना करणार हे तिन्ही असलं पाहिजे. 'पाण्याचा अभ्यास' हा विषय झाला. 'आमच्या गावातल्या आठ हातपंपांच्या पाण्याची कठीणता मे आणि ऑक्टोबरमध्ये किती बदलते' हा प्रश्न झाला.

सीबीआरची सवय मोडा

जर्नलमध्ये आपण काय लिहितो? पहिलं रीडिंग १०.२, दुसरं १०.२, तिसरं १०.२, सीबीआर (म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, एकसारखं आलेलं रीडिंग) १०.२. प्रत्यक्षात तिसरं १०.५ आलेलं असतं, पण मार्क जातील म्हणून जुळवून घेतो. ही सवय तीन वर्षं अंगात मुरते आणि संशोधनात ती सगळ्यात आधी सोडावी लागते. १०.५ आलं तर १०.५ लिहा. शेजारी लिहा की थेंब जास्त पडला असावा, किंवा कारण कळलं नाही. खाडाखोड करायची तर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पेन्सिल नको, सुटे कागद नकोत. शिवलेली वही, पानांना क्रमांक, रोजची तारीख.

हे मी का सांगतो ते एका प्रसंगावरून कळेल. आम्ही तिघं मित्र गावातल्या विहिरींची कठीणता मोजत होतो. पद्धत तुम्हाला माहीत आहे: ५० मिली पाणी, पीएच १० चं बफर, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी हा इंडिकेटर, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे पाणी कठीण करणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन. वाइनसारखा लाल रंग आधी जांभळा होतो, मग एका थेंबात स्वच्छ निळा. शेवटचे थेंब सावकाश टाकावे लागतात, रंग बदलायला दोन-चार सेकंद घेतो. ५० मिली पाण्याला ईडीटीएचे जितके मिली लागतील त्याला २० नं गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम कठीणता ते मिळतं. म्हणजे १८.४ मिली लागले तर ३६८.

अकरा दिवस रीडिंग घेतली. बाराव्या दिवशी आमच्या मॅडमनी विचारलं, "ब्लँक केला का?" नव्हता केला. ब्लँक म्हणजे नमुन्याऐवजी डिस्टिल वॉटरवर केलेली तीच कृती. त्यात रंग लगेच निळा दिसायला हवा. कोनिकल फ्लास्कमध्ये इंडिकेटर टाकला आणि पाणी लालभडक. निळं व्हायला ६ मिली ईडीटीए लागलं. लॅबमधल्या काकांनी मान खाली घालून सांगितलं की डिस्टिलेशनच्या भांड्याची कॉइल जळून महिना झाला, कॅनमध्ये नळाचंच पाणी भरलंय. आमचं ईडीटीएसुद्धा त्याच पाण्यात बनवलेलं. त्यातला साधारण दहावा भाग त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनंच आधी खाल्ला होता, म्हणून आमच्या गावाचं पाणी होतं त्यापेक्षा कठीण दिसत होतं.

अकरा दिवसांची रीडिंग गेली. वही मात्र खरी होती. कोणत्या कॅनमधलं पाणी वापरलं तेही लिहिलेलं होतं, म्हणून चूक कुठे झाली ते अर्ध्या तासात सापडलं. आकडे जुळवून लिहिले असते तर आजही कळलं नसतं.

तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सक्तीच्या: रोज सकाळी पहिला ब्लँक, ईडीटीएची ताकद कॅल्शियम कार्बोनेटच्या मोजून केलेल्या द्रावणावर तपासणं, आणि प्रत्येक नमुना तीनदा.

नमुना घेण्याचंही शास्त्र आहे. हातपंप आधी काही मिनिटं हापसून घ्या, नळीत साचलेलं पाणी जाऊ द्या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. फ्लोराइडसाठी प्लॅस्टिकचीच बाटली घ्या, काचेची नको. बाटलीवर गाव, पंप, तारीख, वेळ. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात.

आकडे कशाशी ताडायचे? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे, २०१२ चं. त्यात कठीणता २०० पर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. फ्लोराइड १.० आणि १.५, नायट्रेट ४५, सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. आपले आकडे खरे की खोटे हे पाहायला दोन-तीन नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण दिलं आहे. तुमच्या गावातल्या त्या ताईंना शोधा. आमच्या एका विद्यार्थिनीला तिच्या चुलतीनंच किट वापरायला शिकवलं.

सुरक्षेचं थोडक्यात: चप्पल घालून लॅबमध्ये जायचं नाही, ओढणी आणि वेणी बांधून घ्यायची, चष्मा लावायचा, आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. रात्री एकट्यानं काम नको.

मार्गदर्शक मिळवणं

कॉलेजात ज्या सर-मॅडमचं पीएचडीचं काम झालंय त्यांच्याकडे जा. स्टाफरूमच्या दारात उभं राहून "सर, मला रिसर्च करायचाय" म्हणू नका. त्यावर सर "बघू" एवढंच म्हणतील. एक कागद घेऊन जा. वर तो एका वाक्यातला प्रश्न, खाली लागणारी रसायनं, आठवड्यातले तुम्ही देऊ शकाल ते तास. एसटीची शेवटची गाडी साडेपाचला असेल तर तेही लिहा, त्यात लाज कसली? कागद पाहिला की सरांना नाही म्हणणं जड जातं.

लॅब असिस्टंट काकांशी ओळख ठेवा. कोणती बाटली जुनी, कोणता तराजू हलतो, हे त्यांना ठाऊक असतं.

कॉलेजबाहेरच्या दारांची यादी

पहिलं नाव मी घेतो ते मुंबईत मानखुर्दला असलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं. त्यांचा 'नियस' नावाचा उपक्रम २००४ पासून खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्यात केमिस्ट्रीचा वेगळा गट आहे. आधी शिबिर, मग निवडक मुलांना दीर्घ प्रोजेक्ट. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच अर्ज करावा लागतो. तिसऱ्या वर्षाला जाग आली तर उपयोग नाही.

दुसरी, तीन विज्ञान अकादमींची मिळून असलेली समर रिसर्च फेलोशिप. देशभरातल्या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांकडे दोन महिने काम, मानधन आणि रेल्वेचं भाडं. अर्ज दिवाळीच्या आसपास भरावे लागतात, काम मात्र पुढच्या उन्हाळ्यात असतं. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर हे विसरतं, म्हणून शिक्षकाचं शिफारसपत्र सप्टेंबरमध्येच मागून ठेवा. अर्जात एक छोटं निवेदन लागतं. त्यात 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' असं लिहू नका, तुमच्या हातपंपांचं लिहा. तशी ओळ दुसऱ्या कुणाच्याच अर्जात नसते.

बारावीत बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात असाल तर केंद्राची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती बघा. वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठीच आहेत. पात्र असूनही अर्ज न केलेली मुलं मला दरवर्षी भेटतात.

त्याशिवाय पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), मुंबईची आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान संस्था) आणि तिचं जालन्याचं केंद्र, जळगाव, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांचे केमिस्ट्री विभाग. इथे थेट शास्त्रज्ञाला किंवा प्राध्यापकाला ईमेल करायचा.

कुठेही न जाता मोठं यंत्र हवं असेल तर आयआयटी मुंबई आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथे 'सैफ', म्हणजे बाहेरच्यांनाही वापरता येणाऱ्या मोठ्या यंत्रांची केंद्रं आहेत. नमुना पाठवला की ठरावीक शुल्कात मोजून मिळतो. पण आधी विचार करा, त्या आकड्यानं तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे सरकणार आहे का? नसेल तर पैसे वाचवा.

ईमेल कसा लिहायचा

इंग्रजीची भीती बाजूला ठेवा. आधी मराठीत लिहा, मग साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजीत करा, आणि कुणाकडून तरी तपासून घ्या. मजकूर साधारण असा:

"आदरणीय मॅडम, मी अमुक कॉलेजात एसवाय बीएस्सी केमिस्ट्रीला आहे. गेल्या सहा महिन्यांत मी माझ्या गावातल्या आठ हातपंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजलं. दोन पंपांचे आकडे मानकापेक्षा जास्त आले, पण पावसाळ्यानंतर ते का वाढले ते मला समजलं नाही. तुमच्या गटाचं पाण्यातून फ्लोराइड काढण्याचं काम मी वाचलं. मे आणि जून असे आठ आठवडे मी पूर्ण वेळ येऊ शकते. सोबत एका पानाचा सारांश आणि वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत."

एवढंच. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका, वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. दहा जण निवडा, प्रत्येकाचं काम वाचा, दहा वेगळे ईमेल लिहा. त्यातल्या आठांचं उत्तर येणार नाही. शास्त्रज्ञांना रोज असे ढीगभर ईमेल येतात, त्याचा तुमच्या गावाशी किंवा आडनावाशी संबंध लावू नका. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा.

पैसा आणि घर

आपल्यासारख्यांच्या वाटेत खरा दगड हाच असतो, आणि मार्गदर्शनपर लेखांत नेमका हाच भाग गाळलेला असतो. उन्हाळ्यात घरी मजुरीला हात लागतात. दोन महिने पुण्यात राहायचं म्हणजे खोली, मेस, बस. म्हणून होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: मानधन आहे का, किती तारखेला मिळतं, हॉस्टेल मिळेल का, संस्था बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेते का. मानधन बहुतेक वेळा काम संपल्यावर हातात पडतं, तेव्हा पहिल्या महिन्याची सोय आधी करावी लागते. विचारायला लाजू नका. ज्यांच्याकडे पैसे आहेत तेही हे विचारतात.

मानधन नाही, हॉस्टेल नाही, अशा जागी कर्ज काढून जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी जवळच्या विद्यापीठात, किंवा आपल्याच कॉलेजात, प्रोजेक्ट करा. चांगला झालेला लहान प्रोजेक्ट मोठ्या संस्थेच्या नावाच्या प्रमाणपत्रापेक्षा मुलाखतीत जास्त उपयोगी पडतो.

मुलींच्या घरी परवानगीचा प्रश्न येतो. शक्य असेल तर कॉलेजातल्या मॅडमना घरी एक फोन करायला सांगा. हॉस्टेलचं पत्र, मार्गदर्शकांचं पत्र आईवडिलांच्या हातात द्या. एका मुलीच्या वडिलांना मी संस्थेच्या दारापर्यंत सोबत घेऊन गेलो होतो. त्यांनी आत वाकून लॅब पाहिली, वॉचमनशी बोलले, आणि संध्याकाळच्या गाडीनं निर्धास्त परत गेले.

सोबत न्यायची कागदपत्रं: बोनाफाईड, प्राचार्यांचं ना-हरकत पत्र, आधार, दोन फोटो, बँक पासबुकची प्रत. शेवटचं विसरलात तर मानधन अडतं.

तिथं गेल्यावर

पहिला आठवडा अवघड जातो. सगळे इंग्रजीत, हिंदीत भराभर बोलतात आणि यंत्रांची नावं आखूड करून घेतात. समजलं नाही तर लगेच विचारा, दुसऱ्या आठवड्यात तेच विचारणं कठीण जातं. ज्या पीएचडीच्या विद्यार्थ्याबरोबर काम कराल तोच तुमचा खरा शिक्षक. त्याच्या आधी लॅबमध्ये जा, काचेची भांडी स्वतः धुवा, आणि यंत्राला हात लावण्याआधी एकदा बाजूला उभं राहून पाहा.

कुणी आडनाव विचारून मग पूर्ण नाव विचारेल, गाव विचारून मग कोटा विचारेल. हे घडतं, मी सहन केलंय. तुमची तिथली जागा तुमच्या कामानं मिळालेली आहे, कुणाला खुलासा देणं लागत नाही. अपमान वारंवार झाला तर तारीख-वेळेसह लिहून ठेवा. उच्च शिक्षण संस्थांमध्ये समान संधी कक्ष, एससी-एसटी कक्ष आणि २०१३ च्या कायद्यानुसार महिलांसाठी अंतर्गत समिती असते. त्यांचे फोन नंबर तिथं पोचल्या दिवशीच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या.

काम झाल्यावर मांडणी

'आविष्कार' स्पर्धेत भाग घ्या. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं सुरू झालेली ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो आणि सुरुवातीच्या फेरीत पोस्टर मांडावं लागतं. पोस्टरवर मजकूर कमी ठेवा. एक नकाशा, एक आलेख, एक फोटो पुरतो. परीक्षक हमखास विचारतात, "यात तुम्ही स्वतः काय केलं?" तेव्हा पोस्टरकडे पाहू नका, वही उघडून दाखवा.

पैसे भरून आठ दिवसांत पेपर छापून देतो असे मेसेज येतील. त्यात पडू नका. यूजीसीनं विश्वासार्ह जर्नलांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे जर्नल खरं की खोटं हे आता आपणच पारखायचं आहे. मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय कुठेही पैसे आणि नाव देऊ नका.

अहवालाच्या तीन प्रती काढा. एक कॉलेजला, एक स्वतःला. तिसरी ग्रामपंचायतीत घेऊन जा, सोबत मराठीत अर्ध्या पानाचा गोषवारा: कोणता पंप, किती फ्लोराइड, मानक किती. सरपंचांना आणि पाणीपुरवठा पाहणाऱ्या माणसाला बसवून तो वाचून दाखवा, पोच घ्या, आणि ती पोच वहीत चिकटवा. ज्या दोन पंपांचे आकडे जास्त आले, तिथून पाणी नेणाऱ्या घरांना मात्र ग्रामसभेची वाट न पाहता त्याच संध्याकाळी जाऊन सांगा.